पिवळं दिसलं की वाट सोडायची

आमच्या गावच्या लढाईला इतिहासात एका ओळीचाही पुरावा नाही, हे आधीच सांगून टाकते. हे माझं मत नाही. शामकांत, म्हणजे माझे यजमान, यांनी सगळी हयात हायस्कुलात इतिहास शिकवण्यात घालवली आणि त्यांनीच हे भर सभेत सांगितलेलं आहे. गावात पिढ्यान् पिढ्या एवढंच चालत आलं, की मुघलांची एक टोळी गढीवर चालून आली, गढीचा किल्लेदार दारात पाय रोवून उभा राहिला, चंपाषष्ठीच्या दिवशी शत्रू पळाला आणि त्याच घटकेला किल्लेदाराने खंडोबाचं नाव घेत देह ठेवला. त्या किल्लेदाराचं नाव काय, हेही कुणाला ठाऊक नाही. पण ही लढाई दर चंपाषष्ठीला गढीखालच्या मैदानात करून दाखवायची असं मंडळाचं ठरलं, आणि याच माणसाला अस्सलपणाचं असं खूळ लागलं की विचारू नका. तालमीत कुणा मावळ्याच्या मनगटावर घड्याळ दिसलं तरी यांना जेवण गोड लागायचं नाही.

किल्लेदार अर्थातच हे. दुसरं कोण होणार? पांढरी दाढी, खणखणीत आवाज, शब्द न् शब्द पाठ. मुघल व्हायला गावात कुणी तयार नसतं म्हणून त्यांच्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. किल्लेदारासाठी मात्र कधी चर्चासुद्धा झाली नाही. आणि या किल्लेदाराच्या हृदयात दोन स्टेंट बसवलेले होते.

माझं सगळं दुखणं इथेच होतं. नगरच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, चाला, फिरा, पण दगदग करू नका. अंगावर पत्र्याचं चिलखत चढवून, हातात तलवार घेऊन उन्हात ओरडत राहणं दगदगीत येतं की नाही, यावर आमच्या घरात वर्षभर वाद चालला. हे म्हणायचे, "शोभा, खुर्चीत बसून गेलो तर तुला चालेल आणि गढीच्या दारात गेलो तर चालणार नाही, हा कुठला न्याय?" पुण्याहून यामिनीचा, आमच्या मुलीचा फोन यायचा. "आई, तू बाबांना थांबव." जसं काही मी त्यांना आजवर कशापासून थांबवू शकले होते.

शेवटी मी वाद सोडला आणि मंडळाचं प्रथमोपचार पथक अंगावर घेतलं. शाळेत शिकवत असताना स्काउट-गाइडच्या शिबिरांत पट्ट्या बांधायला शिकले होते, तेवढंच माझं भांडवल. जोडीला उपकेंद्रातली नर्स दिपाली आणि गावातली चार धडधाकट पोरं. लोकांना वाटलं, बाईंना निवृत्तीनंतर समाजसेवेची हौस आली. मला एका माणसावर नजर ठेवायची होती, बाकी काही नाही.

कारण या नाटकात किल्लेदार शेवटी पडतोच. विजयाची आरोळी होते, तो कोसळतो, मावळे त्याला ढालीवर घेऊन मिरवतात. म्हणजे हे खरोखर कोसळले तरी लोक टाळ्याच वाजवणार. मला मंडळाकडून एकच गोष्ट हवी होती. आमच्या पथकाला अशी एक खूण द्या, की ती दिसली की मावळा असो, मुघल असो, प्रेक्षक असो, प्रत्येकाने वाट सोडली पाहिजे.

खूण ठरवायला बैठक बसली ती देवळाच्या ओवरीत. सहादेव मंडळाचा अध्यक्ष. चौथीपर्यंत माझ्याच हाताखाली शिकलेला, गणितात कायम मागे, आणि आता तालुक्यात कांद्याचा भाव तो सांगेल तो. मी म्हटलं, "लाल क्रॉस घेऊ, सगळ्यांना कळतो."

दिपाली हळूच म्हणाली, "काकू, तो असा कुणालाही लावता येत नाही. सैन्याच्या दवाखान्याचं आणि रेडक्रॉसचं राखीव चिन्ह आहे ते. कायदाच आहे तसा."

"शिवाय त्या काळात तो नव्हताच," हे म्हणाले. कायद्यापेक्षा यांना या कारणाचा आनंद जास्त झालेला दिसला.

मग काय, प्रत्येकाने आपापलं डोकं लढवलं. कुणी म्हणालं एखादं चित्र काढू. सहादेवाने हात जोडले. "बाई, चित्र नको. चिन्ह म्हनलं की लोकांना मतदान आठवतं. कमळ न्हाई चालायचं, हात न्हाई, घड्याळ न्हाई, मशाल न् तुतारीचं तर नावच काढू नका. उद्या म्हनतील मंडळ कुनाच्या तरी दावणीला बांधलं."

"मग शिट्टी ठेवू. गळ्यात शिट्टी," मी म्हटलं.

"शिट्टी मागच्या ग्रामपंचायतीला सुनीलची हुती. अन् नारळ माझा." त्या निवडणुकीत सहादेव सुनीलपुढे नारळावर पडला होता, ते सगळ्यांना आठवलं आणि ओवरीत जरा खोकण्याखाकरण्याचा आवाज झाला.

पांढरा शेला सुचवला, तर पांढरं म्हणजे शरणागती, ते पाहून मुघल मध्येच थांबतील, असं निघालं. कडुनिंबाचा डहाळा पागोट्यात खोवायचा म्हटलं, तर रतनबाई पुजारीण आतून ओरडली, "मौतीवरनं आल्यावर निंब चावत्यात बाई, सनाच्या दिशी कुठं लावता." यामिनीने पुण्याहून मोबाईलवर काठीला विळखा घातलेल्या सापाचं चित्र पाठवलं. सहादेवाने ते लांब धरून पाहिलं आणि म्हणाला, "साप चावल्यावर इथं या, असं वाटंल लोकांना." हिरवा रंग मुघलांचा, भगवा मावळ्यांचा, काळा कुणालाच नको. माणूस वाचवायची एक साधी खूण, पण गावात तिला कुठे जागाच शिल्लक नव्हती. मी अगदी रडकुंडीला आले.

तेव्हा हे म्हणाले, "हळद."

सगळे यांच्याकडे बघू लागले. "त्या काळी जखमेत काय भरत असतील? हळदच. तेव्हा हळदीत रंगवलेला शेला. अस्सलही आहे आणि लांबून दिसतोही." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "चालेल ना?"

चालेल म्हणजे काय! इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने माझी काळजी स्वतःच्या डोक्यात घेऊन तिच्यावर काही शोधून काढल्याचं मला आठवत नव्हतं. मी मान हलवली आणि उगाच पदर सारखा केला. सहादेवाने तिथल्या तिथे जाहीर केलं, "ठरलं. पिवळं दिसलं की वाट सोडायची. मग कुनी का आसंना."

त्याच बैठकीत मी आणखी एक गोष्ट पदरात पाडून घेतली होती. मागच्या वर्षी विजयाच्या वेळी गुलाल उधळला, तो लोकांच्या डोळ्यांत गेला आणि उपकेंद्रापुढे डोळे धुवायला रांग लागली. मी म्हटलं, यंदा गुलाल बंद. सहादेव एका शब्दात हो म्हणाला. मला जरा नवलच वाटलं, पण म्हटलं, पोरगं शहाणं झालं.

शेले मी स्वतः रंगवले. घरात हळदीचा वास कितीतरी दिवस राहिला. तालमीत सगळ्यांना नीट सांगितलं, कुणालाही बरं वाटेनासं झालं, तर पिवळा शेला शोधायचा आणि त्याच्याकडे बघून हात वर करायचा. बोलता आलं नाही तरी चालेल. सांगितलं सगळ्यांना, ऐकवलं एकालाच.

आणि त्या एकाने काय करावं? पहिल्याच तालमीत किल्लेदार कोसळले, पडल्या पडल्या मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि हात वर केला. मी धावले. मावळे बाजूला झाले, मुघल बाजूला झाले, प्रेक्षकांना अडवायला दोरखंड धरून उभ्या असलेल्या पोरांनी दोर वर उचलला, मी वाऱ्यासारखी यांच्यापाशी पोचले. हे डोळे किलकिले करून म्हणाले, "थोडा चहा मिळेल का?"

मी भर मैदानात यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मावळे पोट धरून हसत होते. पण खरं सांगते, रागाच्या खाली मला फार बरं वाटत होतं. वाट सुटली होती. कुणी विचारलं नाही, कुणी अडवलं नाही. त्या रात्री कितीतरी महिन्यांनी मला शांत झोप लागली.

चंपाषष्ठीला सकाळी देवाची तळी भरली, नैवेद्य झाला, आणि दुपार कलायच्या आत मैदान माणसांनी भरलं. जामखेड, खर्डा, पार श्रीगोंद्यापर्यंतचे पाहुणे ट्रॉल्या भरून आले होते. यांना चिलखत चढवताना मी जिभेखाली ठेवायची गोळी पुढे केली. म्हटलं, जवळ ठेवा.

"कुठे ठेवू? त्या काळच्या अंगरख्याला खिसा नसे."

"मी शिवून देते आत्ता."

"शोभा," हे हसले, "पिवळा शेला माझ्यासाठीच आहे ना? मग गोळी तुझ्याकडे राहू दे." चेहरा जरा ओढलेला वाटला. मी तसं म्हणाले, तर म्हणाले, उपास आहे. उपास नव्हता. सकाळीच नैवेद्याचं भरीत-रोडगा दोघांनी खाल्लं होतं. पण तेवढ्यात तुतारी वाजली आणि हे निघून गेले.

लढाई चालू झाली. मी तंबूत उभी होते, नजर गढीच्या दारावर. दिपाली मैदानाच्या दुसऱ्या अंगाला होती, बाकीची पोरं चार कोपऱ्यांत. सगळ्यांच्या खांद्यावरचे शेले मला इथून दिसत होते, अगदी स्वच्छ. मध्येच सहज वर पाहिलं, तर गढीच्या बुरजावर बायका ओळीने उभ्या, आणि प्रत्येकीच्या पुढ्यात टोपली. टोपल्यांवर फडकी टाकलेली. एका फडक्याचा कोपरा वाऱ्याने उडाला आणि आत पिवळं दिसलं.

मी धावत सहादेवाकडे गेले. तो दाराच्या आड उभा राहून ढोलवाल्यांना खुणा करत होता.

"सहादेव, त्या टोपल्यांत काय आहे?"

"भंडारा हाय बाई."

"कशाला?"

"शेवटाला उधळायला. तुमीच म्हनला ना, गुलाल नको, डोळ्यात जातो. आमी म्हनलं आपला देवाचा भंडारा बरा. हळदीनं काय व्हत न्हाई. समदा गाव खूश झालाय. घराघरातनं आनलाय लोकांनी."

"अरे, मग तालमीत का नाही उधळलात?"

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझंच काहीतरी चुकलं असावं. "तालमीत देवाचा भंडारा उधळत्यात व्हय बाई?"

खरंच होतं. तालमीत कुणी देवाचा भंडारा उधळत नाही. तसं करणं या गावात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. म्हणून तालमीत फक्त आमचे शेले पिवळे होते आणि म्हणून वाट सुटत होती. मी म्हटलं, "सहादेव, सगळे पिवळे होतील. सगळे. मग आम्ही कोण, ते कसं कळणार?"

चौथीत हातच्याचं गणित कळायला त्याला जेवढा वेळ लागायचा तेवढाच आताही लागला. मग त्याचा चेहरा उतरला. त्याने मोबाईल काढला, बुरजावर कुणाला तरी लावला, पण ढोलांच्या आवाजात तिथे कोण उचलणार? बुरजाचा जिना माणसांनी गच्च भरलेला. "लाल कापड आनतो बाई, थांबा, काय तरी आनतो," म्हणत तो पळाला. मी दारातून यांच्याकडे पाहिलं. हाक मारली. आरोळ्यांमध्ये मला माझाच आवाज ऐकू आला नाही. मी परत तंबूकडे धावले, कारण गोळी आणि पिशवी तिथे होती.

पडण्याआधी किल्लेदाराला एक वाक्य आहे. "गढी देवाची होती, देवाच्या पायाशी ठेवली." हे वाक्य यांनी स्वतः लिहिलेलं, दाढी करताना रोज म्हणायचे, मला पाठ झालं होतं. शत्रू पळाला. मैदान शांत झालं. लोक त्या वाक्याची वाट बघत होते. हे दारात उभे होते आणि बोलत नव्हते. मग तलवार खाली टेकवून हे हळूच गुडघ्यावर बसले. तालमीत कधीच बसले नव्हते, सरळ कोसळायचे. बसल्यावर यांनी मान वळवली आणि गर्दीत काहीतरी शोधू लागले. माझ्या शेजारचा कुणी पाहुणा म्हणाला, "वा, काय काम करतोय म्हातारा."

यांचा हात वर गेला.

मी धावायला सुरुवात केली आणि त्याच वेळी बुरजावरून आरोळी आली, "येळकोट येळकोट जय मल्हार." टोपल्या रिकाम्या झाल्या. आभाळ पिवळं झालं. बायकांच्या पदरांतून, पोरांच्या मुठींतून, ट्रॉल्यांच्या टपावरून, जिकडून तिकडून भंडारा उडाला. पुढचं काही दिसेना. धूळ जरा खाली बसली तेव्हा मावळे पिवळे होते, मुघल पिवळे होते, ढोल पिवळे होते, माझे हात पिवळे होते.

दोर धरलेल्या पोरांना पढवून ठेवलं होतं की पिवळं दिसलं की दोर उचलायचा. त्यांनी तेच केलं. समोर जो येईल तो पिवळाच होता, त्यांनी दोर उचलला तो उचललाच, आणि सगळं गाव मैदानात उतरलं. मी ज्या वाटेने धावत होते ती वाट माणसांनी भरून गेली. मी ओरडत होते, "सोडा, मला जाऊ द्या, सर पडलेत." एक पोरगा नाचता नाचता म्हणाला, "व्हय बाई, लई भारी पडले." मी शेला काढून दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. माझ्याकडे बघून आणखी दोघांनी आपले शेले काढून डोक्यावर धरले आणि ते नाचू लागले.

कुणीतरी माझ्या कपाळाला भंडारा लावला. सुनीलच्या बायकोने माझे दोन्ही हात पकडले आणि मला काही कळायच्या आत फुगडीत ओढलं. आयुष्यात कधी मला फुगडीतून सुटावंसं वाटलं नव्हतं इतकं तेव्हा वाटलं. मी तिच्या हाताला चावले. होय, चावले. ती भांबावून मागे सरकली आणि मी पुन्हा गर्दीत घुसले. पलीकडे कुठेतरी दिपालीचा आवाज आल्यासारखा वाटला, मग तोही बुडाला.

तेव्हा मला हे दिसले. मावळ्यांनी यांना ढालीवर घेतलं होतं आणि ढाल खांद्यावर. मिरवणूक निघाली होती. लोकांच्या डोक्यांवर हे आडवे, दाढी पिवळी, आणि हात वर. मोठ्या कष्टाने हात वर जायचा, जरा थांबायचा, खाली पडायचा. पुन्हा वर जायचा. लोकांना वाटलं, किल्लेदार मानवंदना घेतोय. प्रत्येक वेळी यांचा हात वर गेला की खालून शेकडो हात वर जात आणि "जय मल्हार" होई. खूण ठाऊक असलेले मावळे ढालीखाली होते, त्यांना वरचा हात दिसत नव्हता. बाकी त्या एवढ्या माणसांत त्या हाताचा अर्थ कळणारी मी एकटी, आणि मी मिरवणुकीच्या शेपटाला होते.

त्यातल्या त्यात एक समाधान होतं. हात वर जातोय, म्हणजे अजून आहेत. मी त्या हाताकडे बघत ढकलली जात होते. गढीला वळसा घालून मिरवणूक देवळाकडे निघाली, कारण देवाच्या पायरीशी ढाल उतरवायची असं यांनीच लिहून ठेवलं होतं. मंडळाने पायरी चुकवली नाही, वळसाही आखडता घेतला नाही. शेवटच्या वळणावर हात वर गेला नाही. मी वाट बघितली. गेला नाही.

पायरीशी पोचले तेव्हा सहादेव हातात लाल कापड घेऊन यांच्यापाशी उकिडवा बसला होता. त्याने यांच्या कपाळाला हात लावला होता आणि तो तसाच धरून ठेवला होता. दिपाली त्याच्यामागोमाग कुठूनशी घुसून आली होती. तिने चिलखताचे बंद कापले, मी जिभेखाली गोळी ठेवली. श्वास होता. डोळे अर्धे मिटलेले. ढोल थांबवायलासुद्धा बराच वेळ लागला, कारण मागच्यांना पुढचं काही कळत नव्हतं.

रुग्णवाहिका आली तेव्हा मात्र सगळ्यांनी वाट सोडली. दोन्ही बाजूंना पिवळी माणसं गप्प उभी होती. जामखेडला डॉक्टरांनी काहीतरी टोचलं आणि सरळ नगरला घेऊन जा म्हणाले. मी यांच्या उशाशी, दिपाली पायाशी. तिच्या हातात यांचं मनगट होतं आणि ती माझ्याकडे बघायचं टाळत होती.

आष्टी मागे पडल्यावर यांनी डोळे उघडले. मी वाकले. आवाज अगदी बारीक होता.

"शोभा, केवढी माणसं नेमलीस गं."

मला काही समजेना. "कुठली माणसं?"

"पिवळी." मध्ये श्वास घ्यायला थांबले. "जिकडे बघावं तिकडे तुझीच. मी हात करायचो, लगेच तेही हात करायचे. म्हटलं, आता काळजी नाही. कुणीतरी येईलच."

दिपालीने तोंड फिरवलं. माझ्या जिभेवर खरं काय ते आलं होतं. अहो, तिथे माझं एकही माणूस नव्हतं. मी एकटी होते आणि मला कुणी येऊ दिलं नाही. पण यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट बायकोने एखादी गोष्ट आपल्यापेक्षा नीट पार पाडली की नवऱ्याला वाटतं तसं जरासं कौतुकच होतं. ते मी कसं पुसणार?

"हो," मी म्हटलं. "सगळी माझीच होती. तुमच्यासाठीच ठेवली होती."

यांनी मान हलवली. पुढचं कडा गाव यायच्या आत हे गेले. दिपालीने मनगट खाली ठेवलं तेव्हा मला कळलं. गाडी तशीच जोरात चालली होती, पुढचे ट्रक आणि ट्रॅक्टर आवाज ऐकून बाजूला होत होते, एकामागून एक वाट देत होते, आणि ड्रायव्हरला आता हळू चालव म्हणून सांगायचं माझ्याच्याने होईना.